पेरणीआधी ओल बघा: कथा, कविता, चित्र हाती घेणाऱ्यांसाठी ध्येय ठरवायची पद्धत

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं विकतो आणि दुकान सांभाळून कथा लिहितो. 2016 च्या संक्रांतीला मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'यंदा कादंबरी पूर्ण करायची. रोज दोन तास.' फेब्रुवारीअखेर 31 पानं झाली. मग तो उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्या गल्लीत टँकर रात्री दोनला यायचा, दिवसा दुकानात बसून मागच्या हंगामाची उधारी मागायची. एप्रिल ते जून वहीला हात लागला नाही. जुलैत वही उघडली तर माझ्याच पात्रांची नावं मला मागं जाऊन बघावी लागली. त्याची इतकी शरम वाटली की पुढं दीड वर्ष मी एक ओळ लिहिली नाही.

ती कादंबरी दुष्काळानं बुडाली असं मी बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही. मी ध्येयच असं ठरवलं होतं की त्यात एकही वाईट महिना बसत नव्हता, आणि वाईट महिना नाही असं वर्ष मी मराठवाड्यात अजून पाहिलेलं नाही.

2018 पासून पद्धत बदलली. तेव्हापासून अकरा कथा पूर्ण झाल्या, त्यातल्या सहा छापून आल्या. आता दुकानात खत न्यायला आलेली पोरं हळूच विचारतात, 'दादा, मलापण लिहायचंय, कसं सुरू करू?' माझी मामेबहीण नांदेडला चित्रं काढते, तिचाही प्रश्न तोच. प्रत्येकाला अर्धं-अर्धं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी मांडतो. उदाहरणं लेखनाची जास्त येतील, कारण माझं काम ते आहे. पण चित्र, गाणं, नाटक, मोबाइलवर केलेली फिल्म, कशालाही हा हिशोब लागू पडतो.

लागणारं सामान:
- 200 पानी एक वही, फक्त हिशोबासाठी. कथेची वही वेगळी.
- सणवार, अमावस्या, लग्नतिथी असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर आणि एक लाल पेन.
- तुमची बसायची वेळ ठाऊक असलेला घरातला एक माणूस.
- अर्धवट काम दाखवता येईल असा एक वाचक किंवा प्रेक्षक. शक्यतो स्वतः न लिहिणारा.

1. पहिले पंधरा दिवस ध्येय ठरवू नका, नुसतं मोजा

जूनमध्ये पहिला शिडकावा झाला की लोक दुकानात गर्दी करतात. आम्ही प्रत्येकाला सांगतो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, जमिनीत ओल जाऊ द्या, मग पेरा. कृषी विभाग दरवर्षी हेच सांगतो. तरी काही जण उगवत्या ढगाकडं बघून पेरतात, मग पाऊस ताण देतो आणि दुबार पेरणीचं बियाणं न्यायला परत येतात. 'रोज दोन तास' हे माझं ध्येय म्हणजे अशीच धूळपेरणी होती, ओल नसताना केलेली. माझ्या दिवसात दोन तास आहेत का, हे मी बघितलंच नव्हतं.

म्हणून पंधरा दिवस जसं जमेल तसं काम करा आणि हिशोबाच्या वहीत तीनच गोष्टी लिहा: किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, काय झालं. न बसलेल्या दिवशी कारण लिहा. हे कारण फार महत्त्वाचं आहे. 'कंटाळा' असं लिहू नका, खरं काय झालं ते लिहा: पाहुणे आले, लाइट गेली, लेकराला ताप, दुकानात मालाची गाडी आली.

माझे पंधरा दिवस असे निघाले. नऊ वेळा बसलो, दर वेळी साधारण 40 मिनिटं. म्हणजे सहा तास. त्यात 2700 शब्द झाले. आठवड्याला धरले तर साडेबाराशेच्या आसपास. माझी एक कथा 3000 शब्दांची असते, म्हणजे पहिल्या खर्ड्याला अडीच आठवडे. दुरुस्तीला मला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. एका कथेला साडेसात आठवडे. 'रोज दोन तास' म्हणणाऱ्या माणसाचे खरे तास दिवसाला 24 मिनिटं निघाले. हा आकडा बघून मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट सुटल्यासारखं वाटलं. एवढी माझी ओल आहे, आता एवढ्यातच पेरायचं.

खबरदारी: हे पंधरा दिवस सुट्टीचे निवडू नका. दिवाळीच्या सुट्टीत मोजलेला वेळ नोव्हेंबरअखेर खोटा ठरतो.

2. ध्येय आपल्या हातातल्या गोष्टीचं ठेवा

अंबाजोगाई आमच्यापासून जवळ. तिथं संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, कापडाच्या लांबलचक पट्ट्यावर लिहिलेला ग्रंथ. त्यांनी गीतेवर सव्वा लाख ओव्यांची टीका लिहिली असं मानतात. त्यांच्याबद्दल आमच्याकडं एक गोष्ट सांगतात की त्यांना लिहायला रोज ढबू पैशाची शाई लागायची. मला ही गोष्ट लहानपणापासून माहीत होती, पण तिचा अर्थ फार उशिरा कळला. लोकांनी त्यांच्या कामाचं माप ठेवलं ते शाईत. शाई किती संपली, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. ओवी लोकांच्या तोंडी राहील की नाही, हे नसतं.

नवीन माणसं जी ध्येयं घेऊन येतात त्यातली बहुतेक दुसऱ्याच्या हातातली असतात. 'यंदा दिवाळी अंकात छापून यायला हवं' हे संपादकाच्या हातात. 'एकांकिकेला बक्षीस मिळवायचं' हे परीक्षकांच्या हातात. 'व्हिडिओला दहा हजार व्ह्यूज' तर कुणाच्या हातात आहे तेही सांगता येत नाही. अशी इच्छा जरूर ठेवा, मीही ठेवतो. पण वहीत लिहायचं वाक्य बदला:

- 'छापून यायला हवं' ऐवजी 'तीन कथा पूर्ण करून तीन ठिकाणी पाठवायच्या.'
- 'चांगलं गाता यायला हवं' ऐवजी 'आठवड्यात चार सकाळी अर्धा तास रियाज, महिन्यात एक बंदिश.'
- 'चित्रांचं प्रदर्शन' ऐवजी 'पोळ्यापर्यंत वहीच्या आकाराची बारा चित्रं.'

मामेबहिणीचं पहिलं ध्येय होतं, 'माझी स्वतःची शैली सापडली पाहिजे.' मी तिला विचारलं, सापडली हे तुला कोणत्या तारखेला कळणार? ती गप्प बसली. मग तिनं ठरवलं की मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालांची 20 रेखाटनं करायची, सगळी त्याच काळ्या पेन्सिलीनं. सतरा झाली. सतराव्यात पाठीवर पोत्याचा कट्टा घेतलेल्या माणसाची मान तिनं नुसत्या एका रेषेत काढली आहे. वजन कुठं आलंय ते त्या रेषेत दिसतं. पहिल्या चित्रात तीच मान काढायला तिला तीसेक रेषा लागल्या होत्या. शैलीचं काय ते पुढं बघू, पण ही दोन चित्रं शेजारी ठेवली की ती कुठून कुठं आली ते सांगावं लागत नाही.

3. कॅलेंडर घ्या आणि जाणारे आठवडे आधी खोडा

लोक आधी कामाचे दिवस ठरवतात. तुम्ही उलट करा. लाल पेन घेऊन जे आठवडे तुमचे नाहीतच, ते खोडून टाका.

माझ्या धंद्यात मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर जुलैअखेरपर्यंत श्वास घ्यायला वेळ नसतो. ते दहा आठवडे गेले. रब्बीची पेरणी, दसरा, दिवाळी यात पाच गेले. जवळच्या लग्नांत आणि आजारपणात मिळून चार. 52 मधून 19 वजा, उरले 33. साडेसात आठवड्याला एक कथा, म्हणजे चार कथा. त्यातली एक मी ऐनवेळच्या संकटासाठी सोडतो. वर्षाचं ध्येय: तीन कथा. कादंबरीचं स्वप्न बघणाऱ्याला हे थोडं वाटेल. पण 2016 आणि 2017 मिळून माझी शून्य कथा झाली होती.

तुमचा नकाशा वेगळा असेल. शिक्षक असाल तर परीक्षा आणि पेपर तपासणीचे आठवडे खोडा. निवडणुकीची ड्यूटी लागणार असेल तर तेही. घरचं सोयाबीन असेल तर काढणी आणि रास होईपर्यंत संध्याकाळ तुमची नाही. रब्बीला पाणी देणाऱ्यांनी विजेची पाळी बघावी. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असेल, तर रात्रपाळीच्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही. त्या आठवड्यात लिहायचं ठेवूच नका, नुसतं वाचायचं ठेवा. घरातल्या बाईमाणसानं तर सणाच्या आधीचा आठवडाही खोडावा, कारण येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळं घर शेतात जेवायला जातं, पण भज्जी आणि आंबिलाची तयारी दोन दिवस आधीपासून कोण करतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता इथला सगळ्यात मोठा खड्डा. बहुतेक दिवाळी अंकांचं साहित्य जून ते ऑगस्टच्या दरम्यान मागवलं जातं. म्हणजे शेतीशी संबंध असलेल्या माणसाला ज्या दिवसांत अजिबात सवड नसते, नेमकं तेव्हाच. पहिली दोन वर्षं मी जुलैत रात्री जागून कथा उरकल्या, आणि दोन्ही साभार परत आल्या. त्या परत यायलाच हव्या होत्या, शेवट उरकलेला दिसत होता. तेव्हापासून माझी मुदत संपादकाची नाही, माझी आहे: अक्षय तृतीयेला कथा पूर्ण होऊन पिशवीत. जूनमध्ये फक्त पाठवायचं काम.

4. दोन आकडे ठेवा, एक नेहमीचा आणि एक वाईट दिवसाचा

नेहमीचा आकडा पंधरा दिवसांच्या मोजणीतून येतो. माझा आठवड्याला चार बैठका, 40 मिनिटांच्या.

वाईट दिवसाचा आकडा इतका लहान हवा की तापातही जमला पाहिजे. माझा दहा ओळींचा आहे. दुकानात जुन्या बिलबुकांची मागची कोरी पानं मी फाडून क्लिप लावून गल्ल्याशेजारी ठेवतो. हंगामात गिऱ्हाईक युरियाचा भाव विचारून भावाशी बोलायला गेलं की तेवढ्यात दोन ओळी होतात. एकदा एक आजी सोयाबीनची बॅग घ्यायला आल्या. बॅग उघडायच्या आधी त्यांनी वरूनच दोन्ही हात लावून ती चाचपली, लेकराचं पोट बघावं तशी, आणि म्हणाल्या, 'उगवंल ना रे बाबा?' मी ते त्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं. आठ महिन्यांनी ती माझ्या एका कथेची पहिली ओळ झाली.

या दहा ओळी चांगल्या असण्याची गरज नाही. धागा तुटू नये एवढंच त्यांचं काम. 2016 ला माझ्याकडं हा लहान आकडा असता तर पात्रांची नावं मी विसरलो नसतो.

खबरदारी: आठवडाभर छान जमलं की हा लहान आकडा वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. वाढवायचा तर नेहमीचा आकडा वाढवा, तोही तीन महिन्यांनी.

5. खर्डा आणि दुरुस्ती ही दोन वेगळी ध्येयं

नवीन लेखक 'कथा पूर्ण करायची' असं एकच ध्येय ठेवतात आणि पहिलं पान पंधरा वेळा लिहितात. मला एक पोरगा माहीत आहे, त्याच्याकडं एका कथेची उत्कृष्ट पहिली दोन पानं आहेत, तीन वर्षांपासून.

खर्ड्याचं माप पानं. मागं वळून वाचायचं नाही, शब्द आठवला नाही तर जागा मोकळी सोडायची, शेवटपर्यंत जायचं. दुरुस्तीचं माप फेऱ्या. माझ्या तीन फेऱ्या असतात. पहिलीत फक्त प्रसंगांचा क्रम बघतो. दुसरीत फक्त संवाद, कारण आमच्याकडची म्हातारी माणसं जशी बोलतात तसं कागदावर आलंय का हे वेगळं तपासावं लागतं. तिसरी फेरी मोठ्यानं वाचायची. मी बायकोला वाचून दाखवतो, ती भाजी निवडत ऐकते. जिथं तिचा हात थांबतो ती जागा मी ठेवतो. जिथं ती मधेच 'गॅस बंद केला का बघा हो' म्हणते, तिथं खूण करतो आणि दुसऱ्या दिवशी तो परिच्छेद कापतो. तीन फेऱ्या झाल्या की कथा बंद. चौथी फेरी भीतीपोटी असते, असा माझा अनुभव आहे.

चित्रकारानं कच्चं रेखाटन आणि रंगकाम असेच वेगळे मोजावेत, फिल्म करणाऱ्यानं चित्रीकरण आणि संकलन.

6. महिन्याची पैसेवारी काढा

गावाच्या पिकाची पैसेवारी, म्हणजे पूर्ण पीक रुपया धरलं तर यंदा किती पैसे आलं याचं सरकारी माप, कशी काढतात ते आपल्याकडं ठाऊक आहे. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. 50 पैशांच्या आत आली की टंचाई, आणि मग सवलती लागू होतात. मी तेच माप वापरतो, कारण ते घरात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

दर अमावस्येला वही उघडा. महिन्यात किती बैठका ठरल्या होत्या, किती झाल्या? सोळापैकी दहा झाल्या तर 62 पैसे. चांगलं पीक आहे, पुढं चला. 50 च्या खाली आली तर एक महिना वाट बघा. सलग दुसऱ्या महिन्यातही खाली राहिली, तर ध्येय कमी करा, लगेच, त्याच दिवशी, पेननं. सोळाच्या जागी आठ. टंचाई जाहीर झाल्यावर सरकारसुद्धा वसुली थांबवतं, तुम्ही स्वतःवर ती का चालू ठेवता?

आणि थकबाकी पुढं ओढायची नाही. हे मी सगळ्यात आग्रहानं सांगतो. गेल्या महिन्यात सहा बैठका बुडाल्या म्हणून या महिन्यात बावीस, असं कुणी केलं की दहाव्या दिवशी तो वही कपाटात टाकतो. बुडालेलं बुडालं. नवा महिना कोऱ्या पानावर.

उलट बाजूही बघा. सलग तीन महिने पैसेवारी 90 च्या वर असेल तर ध्येय फार सोपं आहे, थोडं वाढवा.

7. पाठवायची फाइल आधीच तयार ठेवा

काम पूर्ण होऊन घरात पडून राहणं, हा शेवटचा खड्डा. पूर्ण झालेली कथा पाठवायला मी एकदा पाच महिने लावले, कारण परिचय लिहायचा राहिला होता. म्हणून एका फाइलमध्ये हे आधीच असू द्या:

- कथा युनिकोडमध्ये टाइप केलेली. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेणार असाल तर हे आधी बजावून सांगा. जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हं दिसतात.
- 50 शब्दांचा परिचय. गाव, काम, आधी काही छापून आलं असेल तर ते.
- 'ही कथा माझी स्वतंत्र निर्मिती असून ती पूर्वी प्रसिद्ध झालेली नाही आणि सध्या इतरत्र पाठवलेली नाही' असं सहीचं पत्र.
- पूर्ण पत्ता पिनकोडसह, फोन, ईमेल.
- मूळ प्रत. ही कधीही पाठवायची नाही. माझी एक हस्तलिखित कथा मी एका अंकाच्या कार्यालयाला मूळच पाठवली, ती गहाळ झाली आणि मला ती पुन्हा तशी लिहिता आली नाही.

पाठवायची ठिकाणं निवडताना आधी त्या नियतकालिकाचे दोन अंक वाचा. छत्रपती संभाजीनगरच्या मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' आपल्या भागातल्या लिहिणाऱ्यानं वाचायलाच हवं. पाठवा किंवा न पाठवा, आसपास काय लिहिलं जातंय ते तरी कळतं. पुस्तकाइतका मजकूर जमला आणि ते तुमचं पहिलंच पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात येते तेव्हा नियम आणि शेवटची तारीख नीट वाचून घ्या. पण पहिल्या वर्षाच्या ध्येयात पुस्तक धरू नका. माझ्या हिशोबानं तीन वर्षांत नऊ कथा होतात, आणि त्यातल्या पुस्तकात ठेवाव्यात अशा पाच-सहा निघतात.

एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा आणि हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पाठवल्याची तारीख लिहा. तीन महिने वाट बघायची. मग एक नम्र फोन, 'नमस्कार, अमुक तारखेला कथा पाठवली होती, निर्णय झाला का एवढंच विचारायचं होतं.' नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर आठ दिवसांच्या आत ती दुसऱ्या ठिकाणी रवाना करायची. तेवढ्यात पुढच्या कथेचा खर्डा सुरू झालेला असला पाहिजे, म्हणजे पोस्टमनची वाट बघायला फार वेळ उरत नाही.